घोट्याला हात पडला आणि दम तुटला

मिरजेत फिजिओथेरपीचं क्लिनिक म्हटल्यावर कंबरवाल्या पेशंटची काही कमी नसते, पण ही केस लिहून ठेवावी असं बरेच दिवस मनात होतं. १९ वर्षांची पोरगी, सांगली बाजूच्या गावातली, कॉलेजच्या आणि क्लबच्या कबड्डी टीमची मेन रेडर. प्रॅक्टिसमधे पकडीत वाकलेली असताना वरून तिघीजणी पडल्या, त्या रात्री काहीच वाटलं नाही आणि सकाळी अंथरुणातून उठताच येईना. घरच्यांनी आपल्याकडं करतात ते सगळं केलं, उसण भरलीय म्हणून गल्लीतल्या पायाळू बाईकडून पाठीला पाय लावून घेतला, मग शेक, मग पट्टा. तेवढ्यानं काही बिघडलं असं मी म्हणणार नाही पण तोवर कळ कमरेतून निघून डाव्या पोटरीतून थेट पायाच्या करंगळीपर्यंत उतरली होती.

एमआरआयमधे सगळ्यात खालची गादी, एल५-एस१, डावीकडं सरकून नसेला लागलेली. ऑर्थोच्या सरांनी ऑपरेशन नको म्हणून सांगितलं कारण लघवी-संडासवर ताबा नीट होता, मांड्यांच्या मधे बधिरपणा नव्हता आणि पायातली ताकद दिवसेंदिवस घटत नव्हती. (ह्यातलं काही असेल तर फिजिओकडं येऊ नका, रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठा.) पण वडलांनी तो रिपोर्ट घरी नेऊन चार जणांना दाखवला आणि चौघांनी एकच सांगितलं, आता कबड्डी बंद, पोरीच्या जातीला पुढं बाळंतपण आहे वगैरे वगैरे. मी त्यांना सांगितलं की ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा विशीतल्या लोकांचे एमआरआय काढले तरी साधारण ३० टक्के जणांत गादी फुगलेली दिसते, २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यात हे आलंय, आणि सरकलेली गादी बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप आकसते. ते फक्त मान हलवत होते. पटलं नव्हतं.

मधले महिने फार सांगण्यासारखे नाहीत. कळ पायातून वर कमरेकडं सरकेपर्यंत हळू हळू मागं वाकायचे व्यायाम, चालणं, मग साइड प्लँक (कुशीवर कोपराच्या आधारानं अंग उचलून धरणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), मग पळणं, मग दिशा बदलत पळणं. माझं लक्ष सगळ्यात जास्त टाचेवर होतं कारण ती नस पोटरीला जाते आणि टाच पोटरीच्या ताकदीवर उचलली जाते. एका पायावर उभं राहून टाच उचलायची, उजव्या पायावर २५ वेळा सहज आणि डाव्यावर सुरुवातीला ८ ला पाय थरथरायला लागायचा. दुखणं कधीच थांबलेलं पण टाच काही बरोबरीला येईना, आणि पोरगी रोज विचारायची, मॅडम दुखत नाही आता, जाऊ का मॅटवर? शेवटी डावी पण २५ ला पोचली, उड्या दोन्ही पायांवर सारख्या, पाय सरळ उचलला तर कळ नाही. कागदावर सगळं पास. आणि त्याच रविवारी जिल्ह्याची निवड चाचणी.

मी म्हटलं आधी एकदा मॅटवर बघूया, आणि संध्याकाळी तिच्या क्लबवर गेले. वडील आलेलेच होते, गाडी लावून उभे. तिच्या कोच सरांना सांगून ठेवलं होतं की पकड टप्प्याटप्प्यानं घ्यायची, आधी नुसता मनगटाला हात, मग कमरेत हळू ब्लॉक, मग घोटा. पहिल्या दोन्हीत मस्त. बोनस लाइनकडं पाय टाकताना तर ती जुन्या रेडरसारखी हसत होती. मग डाव्या कोपऱ्यातल्या मुलीनं घोटा धरला, ओढलं पण नाही जोरात, आणि ही एकदम काठीसारखी ताठ, तशीच आडवी.

मी पळत गेले. दुखलं का गं? नाही म्हणाली. पायात कळ? नाही. उभी राहिली, वाकून दाखवलं, सगळं ठीक. म्हणजे माझ्या हिशोबानं काहीच झालं नव्हतं. सर मात्र लांबूनच म्हणाले, "मॅडम, हात पडल्या पडल्या हिचा दम तुटला. ऐकलं नाही का तुम्ही?"

खरंच, मी पाय बघत होते, पाठ बघत होते, कान तिकडं नव्हताच. परत करून बघितलं, परत तेच. पळताना, वाकताना कबड्डी कबड्डी चालू आणि घोट्याला बोट लागलं की आवाज बंद. श्वास कोंडून पोट-पाठ सगळं एकदम आवळून घ्यायची. कंबरेच्या दुखण्यातून उठलेली माणसं असं करतात हे आम्हाला शिकवलेलं असतं, शरीर जुनी जागा राखायला बघतं. पण ताठ पाठीला झटका सोसता येत नाही, तिला वळून, खाली बसून, लाइनकडं सरकून ओढ जिरवता यायला हवी. क्लिनिकमधे तिला घोट्याला धरून ओढणारं कोण होतं? आणि खेळाच्या दृष्टीनं तर दम तुटला की रेडर तशीही आउटच.

मी रविवारला नाही म्हटलं. वडील एवढे भडकले, जे आधी खेळ बंद करा म्हणत होते तेच. "आता पोरगी पळतीया, उड्या मारतीया, अडलंय कुठं ओ मॅडम? वरीस वाया जाईल की तिचं!" त्यांचं चुकत होतं असंही नाही, एक निवड हुकणं म्हणजे काय हे गावाकडच्या पोरीला विचारा. ती रडली नाही, सरांकडं बघून एवढंच म्हणाली, घोट्याला दोरी बांधून करूया का?

मग तेच केलं. हलक्या वजनाचा डेडलिफ्ट तोंडानं कबड्डी म्हणत. घोट्याला जाड टॉवेल, मागून मैत्रीण कधी ओढणार ते सांगायचं नाही, आधी हळू, मग झटका. दम तुटला तर तो प्रयत्न बाद, मोजायचाच नाही. नियम एकच ठेवला होता, कमरेत थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शांत झालं तर चालेल, पण कळ पायात उतरली तर त्याच दिवशी थांबायचं आणि मला फोन. काही आठवड्यांनी क्लबच्या एका लोकल स्पर्धेत सरांनी तिला पहिल्या हाफमधे मोजक्याच चढायांना पाठवलं, एकदा घोटा सापडला, ती बोलत बोलतच लाइनपर्यंत लोळत गेली आणि पॉइंट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी कंबर जड होती म्हणाली, संध्याकाळी मोकळी.

जिल्ह्याच्या टीमचं अजून व्हायचंय. वडील भेटले की बोलतात, पण त्या रविवारचा विषय ते काढत नाहीत आणि मीही नाही. सरांनी मात्र आता क्लबच्या सगळ्याच पोरींना वजन उचलताना कबड्डी म्हणायला लावलंय आणि तिथल्या जिमचा पोरगा जाम वैतागलाय म्हणे, बाकीची गिऱ्हाइकं हसतात.