धुऱ्यावरचे दोन अर्थ

"भाऊजी, नळाले हात लावला का टिचकी बसते," वहिनी म्हणाल्या.

"मोटर चालू असताना?"

"बंद असली तरी."

वावरात गेलो. मेन स्विच खाली पाडला, चपला काढल्या आणि बोअरच्या नळाला उलटा हात टेकवला. (तुम्ही असं करू नका. बावीस वर्षं वायरमनकी आणि मोटर रिवाइंडिंग करून लागलेली ही वाईट सवय आहे.) टिक. मग काहीच नाही. पुन्हा टिक. सेकंदाला एक. लाइनचा करंट असा येत नाही, तो सलग झणझणतो आणि हात धरून ठेवतो. घड्याळासारखी टिचकी म्हणजे झटका मशीन, कुंपणाच्या तारेत करंटचे ठोके सोडणारं यंत्र. आणि दादाच्या वावरात ते मीच बसवलं होतं.

आमच्याकडे, वर्धा जिल्ह्यात, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी जागली करून माणसं थकली. दादानं सोलरवरचं मशीन घेतलं. बारा व्होल्टच्या बॅटरीतून ते काही हजार व्होल्टचा ठोका काढतं, पण तो टिकतो सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात जनावर मागे सरकतं. ठोका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनच्या अर्थिंगकडे (मशीनला तारेनं जोडलेला, जमिनीत ठोकलेला रॉड) परत, असा फेरा पूर्ण झाला तरच झटका बसतो. म्हणजे अर्थिंग चांगलं हवं. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडल्या की रॉडभोवतीची माती सुटते आणि झटका ढिला पडतो.

वावरात सगळ्यात चांगलं अर्थिंग कुठलं? बोअरचं जुनं लोखंडी केसिंग, म्हणजे भोकात उतरवलेला पाइप, खाली ओलीपर्यंत गेलेला. मी मशीनचा अर्थ तिथेच क्लॅम्प करून टाकला. घराच्या वायरिंगमध्ये आम्हाला सगळे अर्थ एकत्र बांधायला शिकवलेलं, तीच खोड. वर दादाला ऐटीत म्हणालो, "रॉडचे पैसे वाचवले तुझे."

मग इतके दिवस टिचकी का नव्हती? कारण तार मोकळी होती. परत येणारा करंटच नव्हता, तर केसिंग चढणार कशानं? आता कोपऱ्यातला एक इन्सुलेटर फुटून तार कुंपणाच्या खांबाला, लोखंडी अँगलला, टेकली होती. प्रत्येक ठोका जमिनीतून केसिंगवर येत होता, आणि स्टार्टरची पेटी, पाइप, नळ सगळं त्याच केसिंगला बांधलेलं.

टिचकीनं सहसा माणूस मरत नाही. मला त्या रात्री झोप लागली नाही ती उलट्या वाटेच्या विचारानं. मशीनच्या आतल्या कॉइलचं एक टोक अर्थला असतं, दुसरं कुंपणाला. समजा मोटरचं वाइंडिंग जळून बॉडीला लागलं. मग लाइनचा करंट केसिंगवर, केसिंगवरून क्लॅम्पमधून मशीनमध्ये, कॉइलमधून सरळ तारेवर. सेकंदाला एक नाही, सलग. तारेत थेट लाइन सोडणाऱ्यांना आपण शिव्या घालतो, त्यात माणसं जातात, वाघ जातात. मी तेच कुंपण, न कळता, वॉरंटी कार्डासकट उभं केलं होतं. आणि आपली कृषी लाइन कित्येकदा येते रात्री. माणूस ओल्या पायानं पाण्याचे दांड फोडत धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, फिरत असतो.

आयईसी ६०३३५-२-७६ या कुंपणाच्या मशीनसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात हे स्पष्ट आहे : कुंपणाचं अर्थिंग दुसऱ्या कुठल्याही अर्थिंगपासून निदान १० मीटर दूर. दादाला सांगितलं तर म्हणे, "जमीन तं एकच हाय ना बापा, मंग अर्थिंग दोन काऊन?" त्याला उत्तर देताना मीच दोनदा अडखळलो. शेवटी सांगितलं, रॉडभोवतीची माती ठोक्याच्या वेळी तापल्यासारखी होते. जितकं दूर जावं तितकी थंड. मोटरचा अर्थ त्या तापलेल्या जागेत नको.

मशीनच्या बाजूला दोन मीटरचे तीन जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) रॉड ठोकले, तीन-तीन मीटरवर. तपासायला शंभर मीटरवर तार मुद्दाम जमिनीला टेकवली आणि रॉड ते मोकळी माती यांमध्ये कुंपणाचा मीटर लावला. ०.२ किलोव्होल्ट. ०.३ च्या वर गेला असता तर चौथा रॉड.

खरी डोकेदुखी उत्तरेच्या धुऱ्यावर निघाली. शेजाऱ्याचंही मशीन, त्याची तार आमच्या तारेपासून हातभर. दोन मशीनचे ठोके जुळत नाहीत. दोन्ही तारांना एकदम हात लागला तर मधली उसंतच जाते. दोन कुंपणांत अडीच मीटर हवेत, आणि धुरा दोन फुटांचा! कोणी सरकायचं? दोघंही सातबारा काढायच्या गोष्टी करायला लागले. तीन चहा झाल्यावर ठरलं : तो धुरा एकट्या दादाच्या मशीनवर, शेजाऱ्याची तार दोन्ही टोकांना अडीच मीटर अलीकडे थांबवायची आणि मधल्या फटीत बांबूचं काटवण. बॅटरीचा अर्धा खर्च शेजाऱ्यानं द्यायचा. ते पैसे अजून आलेले नाहीत.

अकरा केव्हीची (अकरा हजार व्होल्टची) लाइन त्याच कोपऱ्यावरून जाते. तिच्याखाली तार तीन मीटरपेक्षा उंच नको, म्हणून उंच बल्ली मी कापायला लावली.

शेवटी केसिंगपासून पहिल्या रॉडपर्यंत टेप लावला. बारा मीटर. दादानं टेपाकडे पाहिलं, मग पावलांनी पुन्हा मोजलं. वहिनींनी तोवर नळाखाली बादली लावली होती.