ओढ्याला किती मीठ सोसतं?

आमच्या घरामागून ॲकोटिंक नावाचा ओढा वाहतो. उत्तर व्हर्जिनियात फेअरफॅक्स शहराच्या अंगाला तो उगवतो, ॲननडेल, स्प्रिंगफील्ड अशा भरगच्च वस्तीतून वाट काढतो आणि फोर्ट बेल्व्हॉरच्या लष्करी तळातून जाऊन शेवटी पोटोमॅक नदीला मिळतो. या ओढ्याला जडलेल्या दुखण्यांपैकी एक मोठं दुखणं मिठाचं आहे. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर, पार्किंगमध्ये, दारापुढच्या पायऱ्यांवर जे खडेमीठ टाकतात, ते सगळं पाण्याबरोबर त्याच्यात उतरतं.

कुरुंदवाडला फोनवर अण्णांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मिठानं कुठं नदी बिघडते गं? समुद्रात काय कमी मीठ हाय?”

अण्णांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यांना सांगितलेला हिशेबच इथे लिहिते. गोड्या पाण्यातल्या जीवांसाठी क्लोराईडची (हा मिठाचाच एक घटक) मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम आहे, तीही चार दिवसांची सरासरी. तासाभराच्या झटक्यासाठी ८६०. चहाच्या चमच्याने सपाट एक चमचा मीठ घेतलं तर ते साधारण सहा ग्रॅम भरतं आणि त्यात क्लोराईड साडेतीन ग्रॅमच्या वर असतं. म्हणजे एक चमचा मीठ पंधरा-सोळा लिटरची बादली त्या मर्यादेला नेऊन टेकवतं. आता एका पार्किंगवर टाकलेली पोती डोळ्यांसमोर आणा. आणि हे मीठ कुजत नाही, नाहीसं होत नाही. सांडपाण्याच्या नेहमीच्या शुद्धीकरणातून ते जसंच्या तसं बाहेर पडतं. थोडं मातीत मुरतं आणि भर उन्हाळ्यात झिरपत झिरपत पुन्हा ओढ्यात येतं.

ओढा आजारी आहे हे आधी कळलं ते किड्यांवरून. तळाच्या दगडांखाली मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या असतात. पाणी चांगलं असेल तर दगड उलटा केला की पोटाशी त्या चिकटलेल्या दिसतात. ॲकोटिंकमध्ये त्या जवळपास नाहीशा झाल्या होत्या, उरले होते ते कशातही तगणारे किडे. अमेरिकेचा १९७२ चा स्वच्छ पाण्याचा कायदा सांगतो की असं बिघडलेलं पाणी राज्याने यादीत घालायचं, दर दोन वर्षांनी ती यादी नव्याने करायची, आणि यादीतल्या प्रत्येक प्रवाहासाठी एक आकडा ठरवायचा: दिवसाला जास्तीत जास्त किती प्रदूषण या पाण्याला सोसेल. या आकड्याला इथे सगळे टीएमडीएल म्हणतात.

ॲकोटिंकचा आकडा सुखासुखी ठरला नाही. केंद्राच्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०११ मध्ये थेट पावसाच्या लोंढ्यावरच मर्यादा घातली. डांबर आणि काँक्रीटवरून पाणी एकदम ओढ्यात कोसळतं, काठ खरवडून नेतं आणि गाळाने तळ बुजतो, म्हणून लोंढाच जवळपास निम्म्याने कमी करा, असं त्यांचं म्हणणं. राज्याचं रस्ते खातं आणि फेअरफॅक्स काउंटी कोर्टात गेली. जानेवारी २०१३ मध्ये कोर्टाने निकाल दिला की गाळ हा प्रदूषक आहे, पाणी हा प्रदूषक नाही, तेव्हा पाण्याच्या लोंढ्यावर अशी मर्यादा घालता येणार नाही. कायद्याच्या अक्षराला धरून तो बरोबर असेल. पण काठावरची झाडं मुळं उघडी पडून ओढ्यात आडवी होताना मी पाहते, आणि लोंढ्याला हात न लावता हे थांबेल असं मला वाटत नाही.

मग राज्याने नव्याने तपास केला. किडे नेमके कशाने गेले? कारणं चार निघाली: क्लोराईड, गाळ, बदललेला प्रवाह आणि मोडलेला अधिवास. यातले प्रदूषक म्हणता येतील असे दोनच, म्हणून गाळ आणि क्लोराईड यांचे आकडे ठरले आणि २०१८ मध्ये ते मंजूर झाले.

हा आकडा निघतो कसा, यातच मला सगळं सार दिसतं. सुरुवात ओढ्यापासून होते. समजा ओढ्यातून सेकंदाला हजार लिटर पाणी वाहतंय. लिटरला २३० मिलिग्रॅमच्या हिशेबाने त्याला दिवसाला सुमारे २० टन क्लोराईड सोसेल, त्यापुढे नाही. मग त्या २० टनांची वाटणी करायची. सांडपाणी सोडायचा परवाना असलेले नळ आणि शहरांची पावसाळी गटारं यांचा एक वाटा, कुठूनही वाहून येणाऱ्याचा दुसरा, आणि हिशेब चुकला तर सांभाळून घ्यायला थोडा भाग कुणालाच न देता राखून ठेवायचा. वाटेकऱ्यांची संख्या वाढली म्हणून एकूण आकडा वाढत नाही. नवं मॉल आलं तर त्याच्या पार्किंगचं मीठ याच २० टनांत बसवावं लागतं.

बर्फ पडून गेल्यानंतरच्या पहिल्या उबदार दुपारी मी ओढ्यावर जाते. आयझॅक वॉल्टन लीग ही संस्था ‘सॉल्ट वॉच’ नावाने लोकांना क्लोराईड मोजायच्या पट्ट्या फुकट पाठवते. कपात पाणी घ्यायचं आणि पट्टीचं टोक त्यात बुडवून ठेवायचं. पाणी वर चढू लागलं की तपकिरी पट्टीत एक पांढरा सुळका उभा राहतो. तो थांबला की त्याचं टोक कोणत्या रेघेवर आहे ते पाहायचं आणि डबीवरच्या तक्त्याशी ताडायचं. पुलाखाली, जिथे रस्त्याचं पाणी पाइपातून पडतं, तिथे सुळका २३०च्या खुणेच्या खूप वर जातो. पाणी मात्र काचेसारखं नितळ असतं. डोळ्यांना यातलं काही कळत नाही, म्हणून मोजण्याला पर्याय नाही.

आमच्या टाउनहाउसांच्या सोसायटीत बर्फ काढणारा ठेकेदार मिठाच्या वजनावर बिल लावायचा. जितकं मीठ जास्त तितके पैसे जास्त, मग हात आखडता कोण घेईल? सभेत मी मांडलं की पूर्ण हंगामाची एकच रक्कम ठरवू आणि दर खेपेला किती मीठ टाकलं त्याची वही ठेवायला लावू. शेजारचे एक काका, हैदराबादचे, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, लगेच म्हणाले, “घसरून कुणी पडलं तर खटला कोण लढणार?” ही भीती खोटी नाही. मिठाचे ढीग पडतात ते बहुतेक याच भीतीपोटी. न्यू हॅम्पशायरने यावर तोडगा काढला आहे. तिथे महामार्ग ९३ रुंद करताना आसपासच्या ओढ्यांचे क्लोराईडचे आकडे ठरवावे लागले, आणि पुढे राज्याने असा कायदा केला की जो ठेकेदार बेताने मीठ टाकायचं प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवतो, त्याला घसरून पडण्याच्या दाव्यांपासून बरंच संरक्षण मिळतं. हे व्हर्जिनियात व्हायला हवं. आमच्याकडे हंगामाची रक्कम आणि वही, दोन्ही मंजूर झालं. काकांनीही हात वर केला.

आणि पंचगंगा? मी वाढले तिच्या काठाशी. तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच मी लहानपणी पाहिला आहे, नाकाला पदर लावून बायका घाट चढताना पाहिल्या आहेत. २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली. प्रत्येक वेळी सांडपाण्याचा नळ शोधतात, नोटीस काढतात. पण नदीला किती सोसेल हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही. आपल्याकडे मर्यादा नळाच्या तोंडाशी असते: नदीत सोडायच्या पाण्याचा बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जंतू जितका प्राणवायू खातात तो, म्हणजे घाणीचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, हा जुना सर्वसाधारण नियम. आणि नदीचा बीओडी ३ च्या वर गेला की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ तो पट्टा प्रदूषित धरतं. २०१८ च्या यादीत देशातले असे ३५१ पट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त.

वरचाच हिशेब इथे लावा. उन्हाळ्यात नदीत सेकंदाला हजार लिटर पाणी आहे असं धरू, आणि तेही वरून अगदी स्वच्छ येतंय असं धरू. बीओडी ३ च्या आत ठेवायचा तर तिला दिवसाला जेमतेम २६० किलो सोसतात. घरगुती मैलापाण्याचा बीओडी लिटरला २०० मिलिग्रॅम धरला, तर १३ लाख लिटर मैलापाण्यात ही सगळी मर्यादा संपते. म्हणजे दहा-बारा हजार वस्तीचं एक गाव. तेच पाणी शुद्ध करून ३० वर आणलं तरी सुमारे ८६ लाख लिटरला हात टेकावे लागतात. म्हणजे काठावरचा प्रत्येक नळ नियमात बसला तरी नदी नियमाबाहेर जाऊ शकते. कोल्हापूर, इचलकरंजी, साखर कारखाने, कापड प्रोसेसिंगची युनिटं, सगळ्यांचं पाणी एकाच नदीत. सर्वांत कमी पाण्याच्या महिन्यातला प्रवाह धरून पंचगंगेचा एकूण आकडा काढावा, तो गावनिहाय, कारखानानिहाय वाटून द्यावा आणि ती वाटणी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावी, ही माझी मागणी आहे. अण्णांना हिशेब लगेच पटला. ते म्हणाले, “पाण्याच्या पाळीसारखं वाटून द्या की मग.”

इथल्या, बर्फाच्या गावांत राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं कामाचं. आधी फावड्याने बर्फ काढा, मीठ नंतर. कॉफीचा एक मोठा मग भरून मीठ वीस फुटांच्या ड्राइव्ह-वेला पुरतं. पारा उणे ९ सेल्सियसच्या खाली असेल तर साध्या मिठाचा फारसा उपयोग होत नाही, तेव्हा वाळू टाका. आणि बर्फ वितळून गेल्यावर पायऱ्यांवर कोरडे खडे उरले असतील तर ते झाडून डब्यात भरून ठेवा, पुढच्या बर्फाला तेच वापरता येतात.