पीव्हीमूव्ह झालं मस्त, जुने लन काढताना मात्र घाम फुटला

आमच्या जुन्या स्टोरेजचा सपोर्ट संपत आला होता, त्यात महिन्याला एक तरी डिस्क उडायचीच, त्यामुळे शेवटी एकदाचा नवीन ऑल फ्लॅश अॅरे (सगळ्या एसएसडी असलेलं स्टोरेज) आला आणि डेटा हलवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डेटासेंटर महापेला, मी ठाण्यात, म्हणजे बरंचसं काम रात्री घरूनच व्हीपीएनवर.

व्हीएमवेअरवरच्या व्हर्च्युअल मशीनचं (व्हीएम) टेन्शन नव्हतं. स्टोरेज व्हीमोशन लावलं की व्हीएम चालू असतानाच डिस्क पलीकडे जातात, आणि त्यांची फाइलसिस्टिम व्हीएमएफएस ५ जागच्या जागी ६ वर अपग्रेड होतच नाही, नवीन डेटास्टोअर (व्हीएम ठेवायची जागा) बनवावाच लागतो, तेही त्यातच उरकलं.

खरी गंमत फिजिकल लिनक्स सर्व्हरची. झोनिंग केलं (स्टोरेज नेटवर्कवर सर्व्हर आणि अॅरे एकमेकांना दिसू दिले), नवीन लन, म्हणजे अॅरेने सर्व्हरला दिलेल्या डिस्क, मॅप केले, रीस्कॅन मारला, मल्टिपाथला (एकाच लनकडे जाणारे अनेक रस्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर) चारही पाथ दिसले, मग व्हीजीएक्स्टेंड करून नवे लन डिस्कांच्या गटात (व्हीजी) घातले आणि पीव्हीमूव्ह, म्हणजे चालू सिस्टिमवर डेटा एका डिस्कवरून दुसरीवर नेणारी कमांड, सोडली. डेटाबेस चालूच, कुणाला पत्ता नाही. स्पीड साधारण २०० एमबी पर सेकंद मिळत होता, म्हणजे १० टीबीला जवळपास १४ तास, आणि दिवसा चालवलं तर अॅप्लिकेशनवाले डोक्यावर बसणार, म्हणून रोज रात्री एकेक एलव्ही (त्या गटातून कापलेला लॉजिकल व्हॉल्यूम) हलवायचो. सकाळी अॅबॉर्ट केलं तरी हललेले सेगमेंट नव्या बाजूलाच राहतात, हे बरं आहे.

एक गोष्ट मात्र आधी डोक्यात आली नव्हती. नवीन लन थिन (लिहिलं तेवढीच जागा घेणारे) होते तरी फुगले, कारण पीव्हीमूव्हला फाइलसिस्टिम कळत नाही, डिलीट झालेल्या फाइलींचा कचराही ते इमानदारीत उचलून नेतं. रिकामी जागा अॅरेला कळवणारं एफएसट्रिम मारल्यावर जागा परत मिळाली.

आणि मग शेवटच्या दिवशी घोळ झालाच. व्हीजीरिड्यूस, पीव्हीरिमूव्ह झालं होतं, म्हणजे जुने लन गटातून काढले होते, पण होस्टवरून मल्टिपाथचे मॅप काढायच्या आधीच आमच्या एकाने जुन्या अॅरेवर लन अनमॅप करून टाकले! कॉन्फिगमध्ये पाथ नसेल तर क्यू कर (रांगेत थांबव) असं सेटिंग, त्यामुळे त्या डिस्कवर गेलेलं प्रत्येक रीड अडकून बसलं. गटांची यादी दाखवणारं व्हीजीएस मारलं की टर्मिनल गप्प, कंट्रोल सी नाही, किल नाइनही नाही. वर मॉनिटरिंगची स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी तीच कमांड चालवत होती, लोड (चालू आणि अडकलेल्या कामांचा सरासरी आकडा) ८० वर. डेटाबेस आरामात चालू होता हो, पण तो आकडा बघून रात्री अडीचला मॅनेजरचा फोन, "अरे डेटा गेला का?" म्हटलं नाही सर, रिकाम्या डिस्का आहेत, थांबा जरा. डीएमसेटअपने प्रत्येक मॅपला फेल इफ नो पाथचा (पाथ नसेल तर एरर दे) मेसेज दिला तेव्हा अडकलेलं सगळं एरर खाऊन सुटलं, मग मॅप फ्लश केले, एसडी डिव्हाइस (एकेका पाथची लिनक्समधली नोंद) डिलीट केले. खरं तर हे आधी करायचं आणि अनमॅप सगळ्यात शेवटी, चेंज रिक्वेस्टमध्ये मीच तसं लिहिलं होतं, वाचतो कोण.

एका सर्व्हरच्या इनिटरामएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणारी छोटी सिस्टिम) अजून जुनीच मल्टिपाथ कॉन्फिग होती, ड्रॅकट मारून ती नव्याने बनवली आणि रिबूट करून बघितलं. जुना बॉक्स बंद करून रॅकमध्येच आहे, डिस्का नष्ट करणारा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय म्हणे.