अंडी उचलायची की राहू द्यायची: इमिटेटर जोडीची नोंदवही

महिना १ आणि २

४५ × ४५ × ६० सेंटिमीटरची उभी काचेची टाकी, बेडूक पाळायला. रॅनिटोमेया इमिटेटर हा डार्ट फ्रॉग (डेंड्रोबेटिडी) कुळातला, वर चढणारा बेडूक, म्हणून रुंदीपेक्षा उंची महत्त्वाची. तळाला भाजलेल्या मातीच्या गोळ्या, त्यावर जाळी आणि वर ट्री-फर्नचा चुरा, कोळसा, ऑर्किडची साल, स्फॅग्नम शेवाळ यांचं मिश्रण. आपण सगळे त्याला 'माती' म्हणतो, पण त्यात माती औषधालाही नसते.

पहिला ब्रोमेलियाड (अननसाच्या कुळातलं, पानांच्या बेचक्यांत पाणी साठवणारं झाड) मी हौसेने या मिश्रणातच खोचला. तीन आठवड्यांत तो बुडाशी कुजला आणि मधला कोंब ओढल्याबरोबर अलगद हातात आला. आता सगळे ब्रोमेलियाड लाकडाला बांधलेत, मुळं हवेत.

बेडकांच्या आधी स्प्रिंगटेल (पाचोळ्यात राहणारे, उड्या मारणारे बारीक जीव) आणि बारीक पांढरे आयसोपॉड (कुजका पाला खाणारे कवचधारी जीव) सोडले. रिकाम्या टाकीकडे बघत दोन महिने काढणं जिवावर येतं, पण पाचोळ्यातलं एक पान उचलल्यावर खाली मीठ सांडल्यासारखे स्प्रिंगटेल उडायला लागले तेव्हा वाटलं, आता चालेल.

महिना ३

जोडी आली. दोघंही बंदिस्त पैदाशीतले, कागदपत्रांसह. (हा गट १९८७ पासून सायटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, त्यामुळे कागदांबाबत 'बघू नंतर' चालत नाही.) आधी महिनाभर ओल्या टिश्यूवर, साध्या डब्यात वेगळे ठेवले, विष्ठा तपासली, बेडकांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीची चाचणी केली. या बुरशीचं शास्त्रीय नाव बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबेटिडिस. १९९९ मध्ये तिचं वर्णन झालं ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या डार्ट फ्रॉगवरून, म्हणून नावात आपलेच बेडूक. एवढं कळल्यावर तरी विलगीकरणाचा कंटाळा करू नये.

घरी येणारा प्रत्येक जण 'विषारी ना?' विचारतो. नाही. यांचं विष जंगलातल्या मुंग्या आणि कोळीवर्गातले बारीक माइट खाण्यातून येतं. फळमाश्यांवर वाढलेल्या बेडकाच्या कातडीत ते नसतं.

महिना ४: माश्यांची वाट लागली

खरं सांगायचं तर या छंदात आपण बेडूक कमी आणि माश्या जास्त पाळतो. बिनपंखी मेलॅनोगास्टर या फळमाशीच्या सहा बरण्या चालू होत्या. एके दिवशी एका बरणीच्या काचेवर आतून तपकिरी पीठ लागल्यासारखं दिसलं. भिंगाखाली बघितलं तर ते पीठ चालत होतं. माइट! आठवड्यात चार बरण्या गेल्या आणि जोडीला दहा दिवस जवळपास स्प्रिंगटेलवरच काढावे लागले. चूक माझीच: जुन्या बरण्या 'अजून थोड्या माश्या निघतील' म्हणून टाकत नव्हतो. आता महिना झाला की बरणी बाहेर, आणि नवी बरणी नेहमी सर्वांत ताज्या बरणीतल्या माश्यांवरूनच सुरू करतो.

याच महिन्यात एका दुपारी टाकीतलं तापमान २९.५ अंशांपर्यंत गेलं. दोघंही पाचोळ्याखाली चिकटून बसलेले. झाकणावर छोटा पंखा बसवला, दिवा चार बोटं वर घेतला. तेव्हापासून २३ ते २६.

महिना ६

नर बोलायला लागला. आवाज म्हणजे दूरच्या खोलीत मोबाइल क्षणभर थरथरावा तसा, पण गोड. कॅमेऱ्याच्या रोलची जुनी काळी डबी तिरकी चिकटवली होती, तिच्यात दोन अंडी सापडली. मला राहवलं नाही. अंडी उचलून पेट्री डिशमध्ये ठेवली. एकावर बुरशी आली. दुसऱ्यातून टॅडपोल, म्हणजे बेडकाचं शेपटीवालं पिल्लू, निघाला. त्याला बदामाच्या पानाचं पाणी आणि स्पिरुलिनाची भुकटी देत कपात वाढवला. मागचे पाय ठीक आले. पुढचे आले ते दोऱ्यासारखे, कोपरच नाही. पाण्याबाहेर आल्यावर तो छातीवर पडला आणि परत उठला नाही.

बारीक पायांच्या या दोषात अनुभवी मंडळी पहिलं बोट आईबापांच्या आहाराकडे दाखवतात. मी नुसतं कॅल्शियम आणि डी-३ देत होतो. आता त्याबरोबर ठरावीक दिवशी रेटिनॉल स्वरूपातलं अ जीवनसत्त्व असलेली भुकटी, माश्या तिच्यात घोळवून.

महिना ८ ते ११

पुढच्या अंड्यांना हात लावला नाही. अकराव्या-बाराव्या दिवशी डबी रिकामी. जीव खाली-वर झाला. संध्याकाळी नर काचेवर आला तेव्हा त्याच्या पाठीवर काळा स्वल्पविराम चिकटलेला होता. दोन सेंटिमीटरचा बेडूक तो ऐवज घेऊन तीन ब्रोमेलियाड हिंडला. प्रत्येक बेचक्यातल्या पाण्यात उतरायचा, बाहेर यायचा. शेवटी डावीकडच्या वरच्या झाडात थोडा वेळ बसला आणि निघाला तेव्हा पाठ मोकळी.

त्यानंतरचं मी फक्त वाचलं होतं. नर त्या बेचक्यापाशी जाऊन बोलावतो, मादी मागोमाग येते, पाण्यात उलटी उतरते. टॅडपोल तिच्या पोटाशी थरथरत राहतो आणि ती त्याच्यासाठी निष्फळ अंडं टाकते. हे साधारण आठवड्याने. बेचक्यात चमचाभर पाणी, त्यात दुसरं खायला काय असणार? २०१० मध्ये पेरूतल्या याच जातीवरच्या संशोधनातून निघालं की पाणी इतकं थोडं असल्यामुळे आईबाप दोघांची गरज पडते आणि जोडी टिकते. उभयचरांत जनुकीय तपासणीने सिद्ध झालेली ही पहिली एकनिष्ठ जोडी.

सुमारे अडीच महिन्यांनी पहिलं पिल्लू बाहेर आलं: नखाएवढं, चारही पाय दणकट. आजवर अशी तीन.

पण श्रेय कुणाचं? आईच्या अंड्यांचं की नव्या भुकटीचं? दोन्ही गोष्टी मी जवळजवळ एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे माझ्या नोंदींवरून निकाल लागत नाही. तरी अंडी उचलणं मी बंद केलंय. निदान या जातीत तरी.

महिना १४

दोन मोठी पिल्लं पुढच्या आठवड्यात वेगळ्या टाकीत जातील. स्प्रिंगटेलच्या दोन बरण्या त्यासाठी राखून ठेवल्यात. काल रात्री टॉर्च मारला तर डाव्या ब्रोमेलियाडमध्ये पुन्हा एक शेपटी होती, मागचे पाय फुटलेली, आणि कडेला नर बसलेला. प्रकाश लागताच तो पानामागे सरकला. मी दिवा बंद केला तर लगेच बोलायला लागला.