लक्षद्वीपच्या जहाजाआधी कोची

लक्षद्वीप म्हटलं की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात आधी विमानाचा विषय निघतो. आम्ही जहाज धरलं. लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या संस्थेची 'समुद्रम' नावाची सहल आहे. एम. व्ही. कवरत्ती हे जहाज कोचीहून सुटतं आणि कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय ही बेटं दाखवून परत आणतं. दिवस बेटावर, झोप जहाजात, त्यामुळे हॉटेलचा खर्च नाही. खाजगी क्रूझसारखा थाट इथे नाही, बेटावरची माणसंही याच जहाजातून ये-जा करतात, आणि मला तेच आवडलं. मी आणि थोरल्या जाऊबाई, घरात सगळे त्यांना अक्का म्हणतात, अशा दोघी निघालो.

खरी दगदग कागदांची. लक्षद्वीपला जायला आपल्यालाही परवाना लागतो आणि त्यासाठी पोलिसांचा दाखला. सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज केला, मग ठाण्यातून बोलावणं आलं. अर्ज, शेरे, सगळं कन्नडमध्ये. बोलायला आम्हा दोघींना कन्नड येतं, पण लिहिलेलं वाचताना अक्का अडतात, म्हणून भाच्याला बरोबर नेलं. शिवाय जिल्ह्याचं इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं आहे. जुन्या कागदांवर बेळगाम, नव्यांवर बेळगावी. आडनावाचं स्पेलिंग आधारवर एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरं. सीमाभागात हे घरोघरी आहे. तेव्हा आधार हाच आधार धरा आणि अर्जातलं एकेक अक्षर त्याच्याशी ताडून बघा. दाखला हातात यायला वेळ लागतो, म्हणून सहलीची तारीख ठरली की पहिलं काम हेच.

आमच्याजवळच्या लोंढ्याहून पुणे–एर्नाकुलम पूर्णा एक्स्प्रेस मिळते, पण ती आठवड्यातून एकदाच. जहाजाच्या तारखेशी तिचं जुळत नाही. घरचे म्हणाले, मडगावहून गाडी पकडा, म्हणजे जहाजाच्या आदल्या रात्री पोचाल. पण काही दिवस आधीच कोचीला पोचायचं, यावर मी ठाम राहिले. समुद्राच्या कामात वेळापत्रक हलतं, आणि एवढे कागद जमवून धक्क्यावर धापा टाकत पोचण्यात अर्थ नाही. आज वाटतं, ते मधले दिवस मिळाले नसते तर अर्धी सहल हुकली असती.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला बोटीने जावं. वॉटर मेट्रोही आहे, एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेली, पण आम्ही साधी बोट घेतली, तिकीट अगदी किरकोळ. वाटेत विलिंग्डन बेट दिसतं. गेल्या शतकात बंदर खोल करताना उपसलेल्या गाळातून हे बेट उभं राहिलं. रॉबर्ट ब्रिस्टो हा त्या कामाचा इंजिनिअर. आमचं जहाज तिथूनच सुटणार होतं, त्यामुळे धक्का आधीच पाहून झाला.

फोर्ट कोचीत भिंतीभिंतीवर चित्रं आहेत. २०१२ साली इथे कोची-मुझिरिस बिएनाले हा कलामहोत्सव सुरू झाला आणि मसाल्याची जुनी गोदामं चित्रांची दालनं झाली. तो चालू नसला तरी गावाची चाल तीच राहते. कॅफेत कोणी गिटार लावतोय, कोणी पायरीवर बसून वहीत रेघा ओढतोय. मात्र शेजारच्या मट्टांचेरीच्या बाजार रोडवर सुंठ-मिऱ्याचा वास अजून नाकात बसतो, आणि पोती उचलणारा हमाल त्याच चित्रांच्या भिंतीला टेकून बिडी ओढतो.

मासे धरायच्या चिनी जाळ्यांपाशी आम्ही बराच वेळ उभ्या राहिलो. लांब वाशांना जाळं ताणून बांधलेलं, मागच्या बाजूला दोरांना मोठे दगड लटकवलेले. जाळं पाण्यात सोडायचं, थोडं थांबायचं, मग चार-पाच जणांनी मिळून दोर ओढायचे. दगड एकेक करून खाली टेकतात आणि जाळं वर येतं. आम्ही पाहिलं तेव्हा तळाशी मूठभर मासळी आणि शेवाळ होतं. अक्कांनीही दोराला हात लावला. नंतर पैसे मागतात, ते द्यावेत. एवढ्या मासळीवर त्यांचं पोट चालत नसणार.

जवळच १५०३ सालचं सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामाला १५२४ मध्ये आधी तिथेच पुरलं होतं, अवशेष पुढे पोर्तुगालला नेले. अक्कांना त्यात रस नव्हता. त्यांचं मन लागलं चेरलाई या कोकणी वस्तीत. त्यांचं माहेर गोव्याच्या सीमेकडच्या जांबोटीचं, कोकणी लहानपणापासून कानावर. तिरुमल देवस्वमच्या देवळाबाहेर दोन बायका बोलत होत्या, अक्का थबकल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आपल्याकडचंच बोलणं!" हेल वेगळा, मल्याळम शब्द खूप, पण कळत होतं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोवा सोडलेली ही सारस्वत घराणी, आणि कोचीच्या राजाने त्यांना आसरा दिला, तोही पोर्तुगीजांचाच किल्ला असलेल्या बंदरात! त्या बायकांनी आम्हाला पापड-लोणच्याचं दुकान दाखवलं. अक्कांनी पिशवीतला बेळगावचा कुंदा काढून त्यांच्या हातावर ठेवला. मला त्या क्षणी फार भरून आलं.

मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो, परदेसी सिनेगॉग हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी. राजवाड्यातली रामायणाची भित्तिचित्रं चुकवू नका. १५६८ च्या सिनेगॉगमध्ये खाली बघून चाला, निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या हाताने रंगवलेल्या आहेत.

जहाजाच्या दिवशी विलिंग्डन बेटावर वेळेच्या बऱ्याच आधी गेलो. परवाना, ओळखपत्र आणि तिकीट तिन्ही हाताशी ठेवा, झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. सामान यंत्रातून जातं. लक्षद्वीपला दारूबंदी आहे, तेव्हा ती बरोबर नकोच. बेटांपाशी जहाज बाहेर नांगर टाकतं आणि छोट्या बोटीत उतरावं लागतं, म्हणून अक्कांना साडीऐवजी पंजाबी ड्रेस घालायला लावला आणि बॅगा खांद्यावर अडकवता येतील अशाच घेतल्या. उलटीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन फारसा उपयोग नाही.