लॉगिननंतर एसएसएचच्या चाव्या कोणाच्या ताब्यात?

लॅपटॉपवर डेबियन १२ (लिनक्स) आणि एक्सएफसीई हा डेस्कटॉप बसवून झालं, आता एसएसएच-एजंटचा नंबर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन करायच्या गुप्त चाव्या मेमरीत धरून त्यांनी सही करून देणारा प्रोग्राम. अपेक्षा फार नाहीत: एजंट एकच असावा, तो कोणी सुरू केला ते मला ठाऊक असावं आणि मी घातल्याशिवाय चावी त्यात जाऊ नये. कारण चावी आत असेपर्यंत माझ्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम एजंटकडून सही करून घेऊ शकतो. चावी त्याच्या हाती लागत नाही, पण सही लागते आणि तेवढ्यावर त्याचं काम भागतं.

डेस्कटॉपला हे विचारावंसं वाटत नाही. डेबियनच्या एक्ससेशनच्या (लॉगिननंतर ग्राफिकल सेशन उभं करणाऱ्या स्क्रिप्टच्या) ऑप्शन्स फाइलमध्ये एजंट वापरायची ओळ आधीपासूनच असते, त्यामुळे त्यातली ९० क्रमांकाची स्क्रिप्ट अख्खं सेशनच एजंटमार्फत उठवते. मागून एक्सएफसीईचा सेशन मॅनेजर येतो. त्यालाही एजंट सुरू करायचा असतो, पण आधीचा दिसला तर तो मुकाट बाजूला होतो. 'जीनोम सेवा सुरू करा' या चौकटीत टिक केली की मात्र जीनोम किरिंग (जीनोम डेस्कटॉपचा पासवर्ड आणि चाव्या सांभाळणारा प्रोग्राम) येतो, आयत्या बिळावर नागोबा! सॉकेटचा (एजंटशी बोलायच्या फाइलवजा दाराचा) पत्ता ठेवणारं व्हेरिएबल एकच असल्याने, ज्याने ते शेवटी लिहिलं तो जिंकला.

कोण जिंकलं हे त्या पत्त्यावरूनच कळतं. टेम्प फोल्डरमध्ये 'एसएसएच' आणि पुढे अगम्य अक्षरं दिसली तर ओपनएसएसएचचा मूळ एजंट. रन-यूजरखाली 'किरिंग' दिसलं तर जीनोम, 'जीएनयूपीजी' दिसलं तर जीपीजी-एजंट (जीपीजी या एन्क्रिप्शन प्रोग्रामचा).

किरिंगची खोड अशी की डॉट-एसएसएच फोल्डरमध्ये जिची पब्लिक जोडी आहे अशी प्रत्येक चावी तो न सांगता यादीत दाखवतो. सर्व्हरची डीफॉल्ट मर्यादा सहा प्रयत्नांची, आणि पुढे केलेली प्रत्येक चावी म्हणजे एक प्रयत्न. चाव्या सातआठ असल्या तर बरोबर चावीची पाळी येण्याआधीच सर्व्हर दार लावून घेतो, आणि आपण बसतो पासवर्डवर संशय घेत. एसएसएचच्या कॉन्फिगमध्ये 'आयडेंटिटीज-ओन्ली' (फक्त नेमलेल्याच चाव्या पुढे करा) लावलं की हे थांबतं. बाकी किरिंगवर आता राग धरण्यात अर्थ नाही. आवृत्ती ३.२८ पासून (२०१८) तो आतून ओपनएसएसएचचाच एजंट वापरतो, आणि ४६ मध्ये (२०२४) हा भाग डीफॉल्टने बंद होऊन काम जीनोमच्याच जीसीआर लायब्ररीच्या वेगळ्या एजंटकडे गेलं. पत्ताही बदलला, त्यामुळे जुना पत्ता लिहिलेल्या स्क्रिप्ट तपासून घ्या.

माझी मांडणी: सिस्टमडीच्या (सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) यूजर युनिटमधून मूळ एजंट, सॉकेटचा पत्ता कायमचा, चावीचं आयुष्य ३६०० सेकंद. नाहीतर डीफॉल्टने ती एजंट बंद होईपर्यंत आत राहते. पत्ता होममधल्या डॉट-एक्ससेशनआरसी फाइलमध्ये लिहिला. ती फाइल ९० नंबरच्या आधी वाचली जाते आणि व्हेरिएबल भरलेलं दिसलं की ती स्क्रिप्ट काहीच करत नाही. जीनोमची टिक काढली. एक्सएफसीईचा एजंटही सेटिंग्ज एडिटरमधून बंद केला, उगाच शंका नको. शिवाय 'अ‍ॅड-कीज-टू-एजंट' चालू केलं, म्हणजे पहिल्या जोडणीला पासफ्रेज विचारून चावी आपोआप आत जाते आणि तासाने बाहेर पडते.

टीमक्समधली (एका टर्मिनलात अनेक कप्पे उघडणाऱ्या प्रोग्राममधली) जुनी पेन्स, म्हणजे कप्पे, अजून जुनाच पत्ता धरून बसतात, ती बंद करून नव्याने उघडावी लागली. वेलँड (एक्सऐवजी आलेली नवी डिस्प्ले व्यवस्था) सेशनला अजून हात लावलेला नाही.