मामांची ओळ

माझा पीएच.डी.चा विषय सोलापुरातल्या चादर-टॉवेल कारखान्यांतली मजुरी. साखर पेठ, दत्त नगर, नीलम नगर पायाखाली घालून शंभरावर कामगारांचे फॉर्म भरून घेतले. त्यातले एक मामा, घरी तेलुगू बोलणारे, शेवटच्या भेटीत म्हणाले, "अक्का, एवढं लिवून घेतलीस. आमाला कुठं बघायला मिळंल?"

"नेटवर येईल की, मामा," म्हणून मी चहा पिऊन निघाले.

प्रबंध नेटवर जाणार होताच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची सॉफ्ट कॉपी द्यावी लागते आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या प्रबंधांच्या खुल्या साठ्यावर चढते. प्रत्येक प्रकरणाची वेगळी पीडीएफ करायची, एवढंच काम. ती केली आणि सहज 'मजुरी' शब्द शोधून पाहिला. शून्य! तीनशे पानं मजुरीवर, आणि मजुरी एकदाही नाही. टायपिंग जुन्या फाँटमध्ये झालेलं. डोळ्यांना मराठी, कॉपी करून पेस्ट केलं की इंग्रजी अक्षरांचा चिवडा. असा प्रबंध खुला असून कुणाला सापडणार? कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला मराठी म्हणून ओळखता येणाऱ्या अक्षरांत काढला, तर रफार गळाले आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. दीड महिना नुसती वेलांट्यांची हमाली केली. विद्यापीठात याबद्दल एक शब्द कुणी आधी सांगत नाही, याचा राग अजून आहे.

एक लेख इंग्रजी नियतकालिकात आला होता, तो पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. १ जानेवारी २०२५ पासून अशा नियतकालिकांची वर्गणी सरकारनं भरायची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली, तीन वर्षांना ६,००० कोटी. पण ती सरकारी संस्थांतल्या लोकांसाठी. मामा कुठल्या संस्थेत? प्रकाशकाच्या अटी वाचल्यावर कळलं, स्वीकारलेली पण त्यांनी मांडणी न केलेली प्रत मला खुली ठेवता येते. ती ठेवली.

खरी कसोटी फॉर्ममधली माहिती खुली करण्याची. तिचा तक्ता केला होता, एका कामगाराची एक ओळ. माझ्या संमतीपत्रात 'फक्त या संशोधनासाठी' असं छापलेलं. म्हणजे पुन्हा दारोदार. बहुतेकांनी हसत सही केली. काहींनी मालकाचं नाव काढलं आणि मान हलवली. त्यांच्या ओळी काढून टाकल्या. नावं, पत्ते, मोबाईल तर गेलेच. पण मागाचा धोटा उडून डोळा गेलेला माणूस त्या गल्लीत एकच; नाव खोडून काय उपयोग? दुखापतीचा रकानाच उडवला.

मग तक्ता झेनोडोवर टाकला. संशोधनाच्या माहितीची ही ऑनलाइन साठवण सर्न ही युरोपातली अणुसंशोधन संस्था चालवते, फुकट आहे, आणि माहितीच्या प्रत्येक संचाला डीओआय क्रमांक, म्हणजे नेटवरचा कायमचा पत्ता मिळतो. लायसन्स सीसी बाय निवडलं: कुणीही वापरा, श्रेय द्या. रकान्यांचे अर्थ सांगणारी फाईल मराठीतही जोडली.

मामांच्या घरी जाऊन त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर तक्ता उघडला. नातू वाचत गेला, मामा ऐकत होते. "जेकार्ड माग, एक्केचाळीस वर्षं, पाळी रात्रीची..."

"थांब बे," मामा उठून बसले. "हे मीच की!"

ते खूश. शेजाऱ्याला हाक मारायला निघाले. माझ्या पोटात मात्र गोळा. मामा स्वतःला एका ओळीत ओळखतात, तर त्यांचा शेठ का ओळखणार नाही?

प्रसिद्ध केलेली फाईल बदलायची म्हणून नवी आवृत्ती काढायचं ठरवलं, तिला नवा डीओआय. त्याच रात्री वर्षांचे दहा-दहाचे गट केले, पाळीचा रकाना काढला, जुन्या आवृत्तीच्या फाईल कुलूपबंद केल्या.

पुढच्या आठवड्यात मामांचा फोन. "अक्का, माझी ओळ कुठं गेली?"

"आहे तिथंच, मामा. आता शोधून दाखवा."


अजून शोधतायत.